पांढरी तार, पिवळी तार
घरातील आजोबा मॉडेल रेल्वेत रमत असतील, तर हसू नका. इवल्याशा इंजिनात डिजिटल डीकोडर बसविणे नाजूक काम आहे. लाल व काळी तार रुळांतून वीज घेते. नारिंगी व करडी मोटारीला जाते. पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या. मोटारीचा रुळांशी थेट संबंध उरला, तर डीकोडर जळतो.

माझ्या एका वृद्ध रुग्णाचे इंजिन पुढे धावताना मागचाच दिवा लागे. पांढरी-पिवळी तार त्यांना एकसारखी दिसत होती. तपासले, तर मोतीबिंदू! त्याने दृष्टी पिवळसर होते. शस्त्रक्रियेपर्यंत नातीने तारांना चिठ्ठ्या लावाव्यात, सोल्डरिंग मात्र आजोबांनीच करावे, असे मी सुचविले. खिडकी उघडी ठेवून. आणि नंतर साबणाने हात धुवावेत. सोल्डरमध्ये अनेकदा शिसे असते.