वळणाचे क्रियापद

वक्रगतीचे प्रकरण अकरावीच्या भौतिकशास्त्रात येते. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसांनी ते मुद्दाम वाचावे असे त्यात वरवर पाहता काहीच नाही. पण ज्या विषयातला बहुतेक गोंधळ एकाच क्रियापदाने घातला आहे, तो विषय भाषेच्या अध्यापकांना अगदीच परका कसा म्हणावा? ते क्रियापद म्हणजे 'फेकणे'. एस. टी. वळणावर आली की उभे प्रवासी बाहेरच्या बाजूला 'फेकले जातात', असे आपण सर्रास म्हणतो. प्रयोग कर्मणी आहे, म्हणजे कर्ता कुठेतरी असणार. फेकतो कोण?

भौतिकशास्त्राचे उत्तर असे, की कोणीही नाही. सरळ रेषेत एकाच चालीने जात राहण्याला काही कारण लागत नाही. कारण लागते ते वळण्याला. चाल म्हणजे नुसते किती. वेग म्हणजे किती आणि कुणीकडे. काटा ३० वर स्थिर असला तरी गाडी वळत असेल तर तिचा वेग क्षणोक्षणी बदलत असतो, आणि हा बदल घडवणारे बल वळणाच्या आतल्या बाजूला, केंद्राकडे, रोखलेले असते. प्रवासी बाहेर जात नाही. तो सरळच जात असतो. बस त्याच्याखालून आत वळते.

ही गोष्ट युरोपातल्या थोर डोक्यांनाही सहजी उलगडलेली नाही. देकार्तने १६४४ च्या आपल्या ग्रंथात गोफणीतला दगड दाखला म्हणून घेतला, तो केंद्रापासून दूर जाण्याची त्याची धडपड दाखवण्यासाठी. हायगेन्सने त्या धडपडीचे गणित मांडले आणि १६७३ च्या लंबकाच्या घड्याळावरील ग्रंथाच्या शेवटी त्याविषयीची तेरा प्रमेये सिद्धतेशिवाय छापून टाकली. त्याने तिला नाव दिले 'व्हिस सेंट्रिफ्युगा', केंद्रापासून पळणारे बल. १६७९ मध्ये हूकने न्यूटनला पत्राने सुचवले, की ग्रहांची गती स्पर्शरेषेवरची सरळ गती आणि केंद्राकडची ओढ यांची मिळून बनलेली मानून पाहावी. पुढे १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया' आला. त्यातल्या पाचव्या व्याख्येत न्यूटनने हायगेन्सच्या शब्दासमोर बेताने उलटा शब्द ठेवला : 'सेंट्रिपेटा', केंद्राला धुंडणारे. गोफण मात्र तीच राहिली. दगड तोच, हात तोच. फक्त क्रियापद पळण्याचे होते ते धुंडण्याचे झाले. आमच्या मते विज्ञानाच्या इतिहासात इतक्या स्वस्तात इतके मोठे काम दुसऱ्या कुठल्या शब्दाने क्वचितच केले असेल.

मराठीने 'केंद्रोत्सारी' आणि 'अभिकेंद्री' असे शब्द घडवले. दोन्ही नेमके आहेत, आणि दोन्ही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेबाहेर कुणाच्या तोंडी नाहीत. (बलाला जुन्या शास्त्रीय मराठीत 'प्रेरणा' म्हणत. तो शब्द मागे पडला याची हळहळ आमच्या विभागात अजून अधूनमधून व्यक्त होते.)

गोफण ज्याने खरोखर चालवली आहे त्याला हे प्रकरण शिकवावे लागत नाही. जोंधळा हुरड्यात आला की माळ्यावर उभा राहणारा राखणदार डोक्यावर गोफण गरगरवतो. तिची एक दोरी बोटात अडकवलेली असते, दुसरी सोडायची असते. ती कधी सोडायची? दगड पाखरांच्या थव्याच्या रोखाने आला की सोडावी, असे नवख्याला वाटते. तशी सोडली तर दगड बाजूला निघून जातो. जाणता राखणदार ती साधारण पाव फेरा आधी सोडतो, कारण सुटलेला दगड केंद्रापासून सरळ बाहेर जात नाही. सुटल्या क्षणी तो ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने, वर्तुळाला स्पर्श करीत, निघतो. दोरीने त्याला कधीच फेकले नव्हते. ती त्याला धरून होती.

इथे एक तक्रार होऊ शकते, आणि ती रास्त आहे. बसमध्ये उभ्या असलेल्या माणसाला जो रेटा जाणवतो तो खोटा कसा? त्यावर शेजारच्या विभागातले आमचे सहकारी म्हणतात, की बसच्या आत बसून गणित मांडायचे असेल तर केंद्रोत्सारी बल खुशाल घ्या, उत्तर बरोबर येईल. रस्त्यावर उभे राहून मांडायचे असेल तर ते घेऊ नका. म्हणजे प्रश्न निवेदक कुठे उभा आहे याचा आहे. कादंबरी शिकवताना आम्ही याहून वेगळे काय सांगतो?

२०१९ च्या जुलैत आमच्या द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी घाटातल्या वळणावर मोटारसायकलसह गेला. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'नियंत्रण सुटल्याने' होते, तसे ते नेहमीच असते. शोकसभेत जो तो म्हणत होता, की वळणाने पोराला फेकून दिले. वळणाला लागणारे त्वरण म्हणजे चालीचा वर्ग भागिले त्रिज्या. वर्ग असल्यामुळे चाल दुप्पट झाली की मागणी चौपट होते. चाळीस मीटर त्रिज्येचे सपाट वळण ताशी ३० किलोमीटरने घेताना वजनाच्या १८ टक्के इतके घर्षण पुरते. ६० ने घेताना ७१ टक्के लागते. कोरडे डांबर आणि धड टायर तेवढे कसेबसे देतात, पावसातला रस्ता देईलच असे नाही. गाडी जड असो वा हलकी, हिशोबातून वजन उडून जाते. म्हणूनच घाटात रस्त्याची बाहेरची कड उचललेली असते आणि लोहमार्गाच्या वळणावर बाहेरचा रूळ उंच असतो, की सारा भार एकट्या घर्षणावर पडू नये.

त्या मुलाचे वडील एस. टी.त चालक होते. सांत्वनाला गेलो तेव्हा कोणीतरी पुन्हा तेच म्हणाले. ते बराच वेळ गप्प होते. मग आमच्याकडे पाहून म्हणाले, "वळण कुणाला फेकत नाही हो, सर. रस्ता धरतो तेवढा धरतो. मग सोडून देतो."

महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी श्रद्धांजलीचा मजकूर लिहिण्याचे काम, मराठी विभाग म्हणून, आमच्याकडेच आले. 'काळाने घाला घातला' हे वाक्य कार्यालयातून लिहूनच आले होते. ते आम्ही काढले. कर्ता शोधत आमच्या दोन बैठका गेल्या. शेवटी छापले ते एवढेच, की पाऊस होता, रस्ता ओला होता, आणि वळणावर तो सरळ गेला. मुद्रितशोधन करणाऱ्याने 'सरळ'खाली पेन्सिलीने रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह काढले होते. आम्ही शब्द तसाच ठेवला.