चांदोरच्या दिवाणखान्यातून आमच्या सोप्यात

जुन्या घराची बैठकीची खोली सजवायची म्हटलं, की तुमच्या-माझ्या मनात पहिला विचार एकच येतो : जुनं काढायचं, नवं आणायचं. खरं ना? मीही तेच करायला निघाले होते. साताऱ्याच्या आमच्या घराचा सोपा म्हणजे जाड भिंती, वर तुळया, भिंतीत देवळ्या आणि मधोमध सासूबाईंचा शिसवी झोपाळा. सोफासेटला जागा हवी, म्हणून झोपाळा विकायचं ठरलं. जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडून विसारही घेतला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त रोज सकाळी झोपाळ्याच्या कड्यांना तेलाचं बोट लावायच्या, ते त्यांनी बंद केलं. मला ते दिसत होतं, पण मी न पाहिल्यासारखं केलं.

अशातच मे महिन्यात नात्यातल्या लग्नासाठी मडगावला जाणं झालं. लग्न आटोपल्यावर एक दिवस मोकळा होता. जाऊबाई म्हणाल्या, ‘‘समुद्र काय, नेहमीचाच. आज चांदोरचं ब्रागांझांचं घर पाहू या.’’

चांदोर हे सासष्टी तालुक्यातलं गाव. कदंब राजांची एके काळची राजधानी चंद्रपूर ती हीच. चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत हे लांबच लांब घर उभं आहे. रस्त्याच्या अंगाला नुसत्या खिडक्यांची रांग! घर काही शतकांचं जुनं. एका बाजूला मिनेझिस ब्रागांझा, दुसऱ्या बाजूला ब्रागांझा परेरा, अशा दोन शाखांचं. गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्कासाठी लेखणी चालवणारे पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) याच घरातले. पणजीची इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा ही संस्था त्यांच्याच नावाची. त्यांची पुस्तकं अजून तिथे कपाटांतून लावलेली आहेत.

आता दिवाणखान्याचं ऐका. परेरांच्या बाजूला नाचासाठीचं भलं मोठं दालन आहे. खाली संगमरवरी फरशी, वर रंगवलेलं जस्ती पत्र्याचं छत, काचेची झुंबरं आणि पोर्तुगालचे राजे दों लुईश यांच्याकडून भेट आलेल्या दोन उंच पाठीच्या खुर्च्या. दुसऱ्या बाजूला चिनी मातीची नाजूक भांडी आणि शेजारीच गोव्याच्या सुतारांनी कोरलेलं शिसवी फर्निचर. चीन, युरोप आणि गोवा एका छपराखाली नांदताहेत, पण कोणी कोणाशी भांडत नाही!

असं का, याचा मी परतीच्या वाटेवर विचार करत होते. एक तर लाकडाचा काळसर रंग सगळीकडे सारखा. दुसरं, प्रत्येक वस्तूभोवती मोकळी जागा. आणि तिसरं, घर दाखवणाऱ्या बाईंना प्रत्येक वस्तू कुठून आली ते ठाऊक होतं. त्या वस्तू सजावटीसाठी आणलेल्या नव्हत्या, त्या घरात राहिलेल्या होत्या.

घरी आल्यावर आधी विसार परत केला. व्यापारी कुरकुरला, पण ऐकलं त्यानं. मग उत्साहाच्या भरात माळ्यावरचे हंडे, समया, पेट्या, अडकित्ते सगळं सोप्यात मांडलं. सासूबाई आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘जुना बाजार भरवलायस का गं?’’ त्यांचं बरोबरच होतं. निम्मं परत माळ्यावर गेलं.

आता सोप्यात काय आहे सांगते. झोपाळा आहे तिथेच. सोफ्याची एक साधी बैठक भिंतीशी, तिच्यावर झोपाळ्याच्या लाकडाला शोभेल असं तपकिरी कापड. पुढे टीपॉय म्हणून मामंजींची शिसवी पेटी. एका देवळीत समई, दुसरीत मुलाने आणलेला टेबल-लॅम्प. भिंतींना एकच फिका रंग, जमिनीवर सोलापुरी सतरंजी.

तुम्हालाही करून पाहायचं असेल, तर एवढं सांभाळा. जुन्या-नव्याचा मेळ घालणारा एक धागा ठरवा : लाकडाचा रंग किंवा कापडाचा. एका देवळीत एकच वस्तू ठेवा. पितळ चिंच-मिठाने घासून लगेच कोरडं करा, नाहीतर डाग पडतात. शिसवी लाकूड ओल्या फडक्याने पुसू नका, कोरडं मऊ फडकंच बरं. आणि कुठलीही जुनी वस्तू विकण्याआधी ती रोज कोण वापरतं, ते पाहा.

झोपाळ्याच्या कड्या आता कुरकुरत नाहीत. सासूबाईंनी तेलाची वाटी पुन्हा काढली, मला न सांगता. मीही काही विचारलं नाही. संध्याकाळी चहा घेऊन त्यांच्या शेजारी झोपाळ्यावर बसते, एवढंच.