दिघोरीच्या आकाशातला ५८५

मध्यमलहरींवर नागपूर आकाशवाणी ५८५ किलोहर्ट्झला लागे. भंडारा जिल्ह्यातील दिघोरीतही रेडिओचा काटा तिथेच स्थिरावे. या आकड्याला ९ने निःशेष भाग जातो, हा योगायोग नव्हे. १९७५च्या जिनिव्हा करारात आशिया, युरोप व आफ्रिकेतील देशांनी दोन वारंवारितांमधले अंतर ९ किलोहर्ट्झ ठरवले. अमेरिकेत ते १० आहे. तेथे ५८५वर केंद्रच नसते.

देशांनी आकाश असे वाटून घेतले. पण देशाच्या आत त्याचे मालक कोण? १८८५च्या तार कायद्याने सारा अधिकार सरकारकडे ठेवला होता. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी निकालपत्रात नोंदवले, की प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियमन लोकहितासाठीच व्हावे. दिघोरीवरून जाणारी लहर त्या दिवसापासून दिघोरीकरांचीही ठरली.