मालवणची बुडी आणि परतीचा घाट

चिंचवड-चाकणच्या कारखान्यांस दिवाळीची सुटी लागली, कीं कित्येक घरांतील मंडळी मालवणास निघतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाठीस सिलिंडर बांधून समुद्रांत बुडी मारण्याची, म्हणजे स्कूबा डायव्हिंगची, तेथें सोय आहे. आम्हीही ती मौज अनुभवून आलों.

सिलिंडरांत ऑक्सिजन भरलेला असतो, ही घरोघरची समजूत खरी नव्हे. असते ती आपली नेहमींचीच हवा, दाबून भरलेली. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. म्हणून उतरतांना नाक चिमटींत धरून हळूच फुंकावें व कान मोकळे करावे; ते दुखूं लागल्यास आणखी खालीं जाऊं नये. श्वास तर क्षणभरही कोंडूं नये. वर येतांना आंतली हवा फुगून फुप्फुसास इजा होते. सर्दी असेल त्यानें खुशाल नावेंत बसावें.

परंतु आमच्या मतें परतीच्या वाटेकडेच मंडळींचें दुर्लक्ष होतें. पाण्याखालीं रक्तांत विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. चिंचवड समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर, आणि आंबोलीची वाट धरली तर ती त्याहूनही उंच. सकाळीं बुडी व दुपारीं घाट असा बेत केल्यास हवेचा दाब उतरून त्या वायूचे बुडबुडे होऊं शकतात. उथळ अशा एकाच बुडीस हें भय थोडें. तथापि अनेक बुड्या मारणारानें १८ तास तरी किनाऱ्यावरच काढावे, गाडी हांकणाऱ्या काकांस कितीही घाई असो. घरीं आल्यावर सांधे दुखूं लागले किंवा हातपाय बधिर झाले, तर डॉक्टरांस प्रथम बुडीचीच हकीकत सांगावी.