हरसूलमधून ऐकलेला ‘रूट्स’

सेपुल्टुरा बँडच्या ‘रूट्स’ या अल्बमवरून आमच्यात वाजलं नाही असा पावसाळा मला आठवत नाही. हरसूलला पाऊस लागला की वाघेरा घाट धुक्यात बुडतो, वीज जाते ती जातेच, आणि भाताची आवणी उरकलेले आम्ही काही जण बाजारपेठेतल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसून असतो. मेटलचं वेड आम्हाला नाशिकच्या वसतिगृहात लागलं. एकाच्या मेमरी कार्डातून दुसऱ्याच्या, असं ते सगळ्या मजल्यावर पसरलं. पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, बाकीचे बँड मागे पडले. सेपुल्टुरा तेवढा राहिला. ब्राझीलच्या बेलो होरिझोन्ते शहरात १९८४ साली पोरांनी उभा केलेला हा बँड. लंडन-न्यूयॉर्कपासून लांबच्या मुलांनी अख्ख्या जगाला आपल्याकडे बघायला लावलं, म्हणून तो आम्हाला आपला वाटतो.

वाद असा आहे. १९८९चा ‘बिनीथ द रिमेन्स’ आणि १९९१चा ‘अराइज’ हे सुसाट थ्रॅशचे अल्बम. फेब्रुवारी १९९६मध्ये ‘रूट्स’ आला तोवर वेग उतरला होता. गिटारच्या तारा खूप खाली उतरवलेल्या, रिफ जड आणि मोजक्या सुरांचे. निर्माता रॉस रॉबिन्सन, म्हणजे कॉर्न या बँडचा पहिला अल्बम ज्याने केला तोच. ‘लुकअवे’मध्ये तर कॉर्नचा जोनाथन डेव्हिस स्वतः गातो. जुन्या चाहत्यांनी जगभर ठपका ठेवला, की यांनी वारा पाहून पाठ फिरवली. माझा मावसभाऊ याच पक्षातला.

“‘अराइज’मध्ये इगोर कावालेराचे पाय बघ कसे चालतात. इथं नुसता ठोकतोय,” ड्रमरबद्दल तो म्हणतो.

आमचा एक दोस्त लग्नसराईत बँजो पार्टीत वाजवतो. त्याला हे सहन होत नाही. “दादा, ‘रातामहाटा’ एकदा वाजवून दाखव. हळू वाजवणं सोपं वाटतं ना, मग नवरदेवाच्या घोड्यापुढे पहाटेपर्यंत तोच ठेका धरून बघ. हात कुठे गळतो ते कळेल.” ‘रातामहाटा’त बाहियाचा तालवादक कार्लिन्योस ब्राउन आहे, गाणं पोर्तुगीजमध्ये आहे आणि ढोल गिटारच्या पुढे उभे आहेत. त्या गाण्यापुरता मावसभाऊ गप्प बसतो.

कॉर्नची नक्कल केली हा आरोप मला तारखांवरच टिकत नाही असं वाटतं. १९९३च्या ‘केऑस ए.डी.’वर ‘कायोवास’ आहे. ब्राझीलच्या कायोवा आदिवासींच्या नावाने केलेलं, साध्या गिटारीवरचं आणि ढोलांवरचं, वेल्समधल्या चेपस्टो किल्ल्याच्या पडक्या भिंतींत ध्वनिमुद्रित केलेलं. कॉर्नचा पहिला अल्बम त्यानंतर, १९९४ला आला. म्हणजे ही वाट बँडने आधीच धरली होती. रॉबिन्सनकडून आवाजाचा जाडेपणा घेतला, इतकंच.

पण मावसभावाचा दुसरा मुद्दा कठीण आहे. ‘रूट्स’च्या मुखपृष्ठावरचा आदिवासी चेहरा ब्राझीलच्या एक हजार क्रुझेरोच्या नोटेवरून घेतलेला आहे. नोटेवरचे लोक कराजा, आणि बँड ध्वनिमुद्रणाला गेला शावांते लोकांकडे. “त्र्यंबक रोडच्या रिसॉर्टच्या भिंतीवर वारली चित्र काढतात तसंच हे,” तो म्हणाला. “कुणाचंही कुठंही चिकटवायचं. आदिवासी दिसला म्हणजे झालं.” आम्ही कोकणा आदिवासी आहोत. शहरात आम्हाला सर्रास वारली समजतात, कधी भिल्ल. त्यामुळे हे बोलणं लागलं, आणि ते खरंही आहे.

याचं उत्तर अल्बममध्येच शोधायचं, तर ते ‘इत्सारी’ या गाण्यात आहे. १९९५ साली बँड माटो ग्रोसोतल्या पिमेंतेल बार्बोझा या शावांते गावात गेला, तिथं राहिला आणि गावासोबत हे ध्वनिमुद्रण केलं.

ते मी मामांना ऐकवलं. मामा थाळी वाजवतात. पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: धातूची थाळी, तिच्या मधोमध मेणाने उभी चिकटवलेली लांब काडी. त्या काडीवरून दोन्ही हातांची बोटं आळीपाळीने वरून खाली ओढत राहायची. थाळीतून एकसारखा घुमारा निघतो, त्याला खंड नसतो, आणि त्या घुमाऱ्यावर मामा रात्रभर कथा सांगतात. मरण झालं तर त्याची वेगळी, धान्यदेवी कणसरीच्या पूजेची वेगळी. बोटांची टोकं घासून गुळगुळीत झालेली.

‘रूट्स ब्लडी रूट्स’ त्यांनी शांतपणे ऐकलं, बोलले नाहीत. ‘अ‍ॅटिट्यूड’च्या सुरुवातीला बेरिम्बाव वाजतं, तेव्हा विचारलं, “याला भोपळा आहे का रे?” आहे. लाकडी धनुष्य, तार आणि वाळलेला भोपळा. आमच्या फुंकून वाजवायच्या पावरीलाही वाळलेला भोपळाच लागतो. मग ‘इत्सारी’ लावलं. मामा पुढे सरकले. “हे मरणाचं की कणसरीचं?”

“आजारी माणसाला बरं करायचं आहे,” मी सांगितलं.

पाच मिनिटांच्या आत गाणं संपलं. मामा म्हणाले, “माणूस अजून उठला नाही, यांनी गाणं कसं थांबवलं?”

मावसभावाने हे उचलून धरलं. मामांनी निकाल दिला म्हणाला. मला तसं वाटत नाही. बाकीच्या गाण्यांबद्दल मामांनी असा प्रश्न केलाच नाही. ‘इत्सारी’ त्यांना खरं काम करणारं गाणं म्हणून ओळखू आलं, म्हणून ते अर्धवट वाटलं. बँडने त्यावर विजेची गिटार चढवली नाही, किंकाळी घातली नाही. गावाचा आवाज पुढे ठेवून स्वतः बाजूला बसले. हे संयमाचं काम आहे आणि सगळ्या अल्बमचं वजन त्यावर तोललेलं आहे. लगेच पुढे येतं ‘अ‍ॅम्बुश’, जंगल वाचवताना १९८८मध्ये मारल्या गेलेल्या शिको मेंदेससाठी केलेलं. वनहक्काच्या दाव्यांसाठी मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्यांत आमच्या भागातली माणसं होती. हे गाणं आम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

अल्बम लांबला आहे, हे मी मान्य करतो. सत्तर मिनिटांच्या वर जातो. ‘लुकअवे’ माझ्या हातात असतं तर मी काढलं असतं, शेवटचं ‘कॅन्यन जॅम’ही. मुखपृष्ठ बदललं असतं. डिसेंबर १९९६मध्ये गायक मॅक्स कावालेरा बँडमधून बाहेर पडला, त्यामुळे या अल्बमकडे सगळे शेवट म्हणूनच बघतात. ते त्याच्यावर अन्याय करणारं आहे. सफाईत ‘अराइज’ वरचढ, हे मावसभावाचं म्हणणं मी खोडत नाही. पण स्वतःच्याच देशातल्या आदिवासी गावात जाऊन बसण्याची गरज बँडला ज्यासाठी वाटली, तो अल्बम ‘रूट्स’ आहे, आणि माझं मत त्यालाच.

जुन्या ‘अराइज’वाल्यांना माझं एवढंच सांगणं, की ‘जास्को’, ‘इत्सारी’ आणि ‘अ‍ॅम्बुश’ सलग ऐका, मध्ये थांबू नका, आणि मग भांडायला हरसूलला या. आणि आमच्याकडे किंवा पेठ-सुरगाण्याला कुणी थाळी ध्वनिमुद्रित करायला येणार असाल, तर रात्र काढायच्या तयारीने या. कथा पुरी होऊ द्या आणि वाजवणाऱ्याचं नाव, गाव, जमात बरोबर लिहा.