पंधराचा वर्ग

१८९६ साली पंडिता रमाबाई लोणावळ्याच्या प्रार्थना-मेळाव्याला गेल्या, तेव्हा त्यांच्या शारदा सदनातल्या १५ मुली ख्रिस्ताकडे वळल्या होत्या. बाईंनी देवाचे उपकार मानले आणि लगेच पुढचं मागणं घातलं: पुढच्या मेळाव्याआधी या संख्येचा वर्ग कर. म्हणजे २२५! नंदुरबारकडच्या धानोऱ्याच्या उपासनेत हा हिशेब सांगितला, तेव्हा सतरंजीवर मागे बसलेली पोरं खुदकन हसली.

त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईवडील १८७४ मध्ये उपासमारीनेच गेले होते. भूक काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. पुढे केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. देवाने मागणं पुरवण्यासाठी दुष्काळ पाडला, असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. बाईंना वाट दिसली ती मात्र त्या दुष्काळातूनच.

देवाची वाट धरणारी ही बाई माणसांचं मुकाट ऐकणारी नव्हती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तरी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद चालूच राहिला. रमाबाईंनी पुरुषांना शिकवू नये, असं बिशपांचं म्हणणं पडलं. त्यांना ते पटलं नाही आणि त्यांनी तसं कळवलं. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत तर त्या स्वतःलाही सोडत नाहीत: आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त बऱ्याच वर्षांनी.

नंदुरबार-नवापूर पट्ट्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आलं आणि आदिवासी पाड्यांतही अशी साक्ष देण्याची रीत रुजली. ‘प्रभूने चालवलं’ हे शब्द इथे इतके सरावाचे की कान त्यांच्यावरून घसरून जातात. कापणीच्या सणाला धानोऱ्यात एक मावशी उभी राहिली, तेव्हा मीही अर्धवटच ऐकत होतो.

तिच्या घरची माणसं दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जायची. त्या वर्षी मुकादम उचल घेऊन दारात आला. मुलगी दहावीत. मावशीने रात्रभर प्रार्थना केली आणि सकाळी पैसे परत केले. नवरा चिडला, दीर चिडले, शेवटी पाळकांकडे गाऱ्हाणं गेलं. कर्ज डोक्यावर आहे तर गेलेलं बरं, असं पाळकही म्हणाले. ती गेली नाही. हंगामभर मिळेल त्या मजुरीवर घर ओढलं आणि मुलगी परीक्षेला बसली.

साक्ष संपवताना तिने देवाचे आभार मानले, मुलीच्या गणिताच्या सरांचे मानले. पाळक पुढेच बसले होते, त्यांच्याकडे बघत म्हणाली, “तुम्ही पण प्रार्थना केली असती ना, तर तुम्हाला पण हेच सांगितलं असतं त्याने.” सगळ्यात मोठ्याने हसले ते पाळकच.