झाक नसलेला करडा

कृष्णधवल छायाचित्र रंगीत प्रिंटरवर छापायला घेतले की पहिला घोटाळा होतो तो करड्याचा. पडद्यावर आषाढातले आभाळ नुसते करडे दिसत असते. कागदावर उतरताना त्यालाच कुठे हिरवट, कुठे जांभळट झाक चढते. गडद काळ्यात आणि कोऱ्या पांढऱ्यात ती खपून जाते, अधल्यामधल्या छटांत मात्र उघडी पडते. लाल फूल थोडे केशरीकडे कलले तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. करडा केसभर ढळला तरी डोळा अडखळतो.

मुळात साध्या इंकजेटला करडा ठाऊकच नसतो. त्याच्याकडे सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया. हलक्या छटेसाठी नुसती काळी विरळ शिंपडली तर गालावर, ढगावर खरखरीत ठिपके दिसतात. म्हणून ड्रायव्हर रंगीत शाया एकमेकींवर टाकून करडा जुळवतो. या तिघींचे भांडण मिटले तोवर ठीक. एक नोझल तुंबले, कागद बदलला, की तोल गेलाच. फोटोशॉप आणि ड्रायव्हर दोघांनीही एकाच वेळी रंग सांभाळायला घेतले, तर अख्खा प्रिंट तांबूस होऊन बाहेर येतो. पुष्कळदा दोष शाईचा नसतोच, या दुहेरी कारभाराचा असतो.

त्याहून चिवट खोड उजेडाची. रंगीत शायांतून जुळवलेला करडा बल्बखाली निर्मळ दिसतो आणि खिडकीशी नेला की हिरवा पडतो. याला मेटामेरिझम म्हणतात. पिगमेंट शायांचे सुरुवातीचे प्रिंटर यासाठी बदनाम होते.

डार्करूममध्येही झाक होतीच, पण तिचा उगम एकच, चांदी. कण बारीक असले तर तपकिरी ऊब, मोठे असले तर थंड काळेपणा. चित्रभर एकसारखी असल्याने ती खुपत नसे. उलट छायाचित्रकार ती हौसेने निवडत. खरी फजिती झाली ती इल्फर्डच्या एक्सपी-२ सारख्या कृष्णधवल फिल्मची. ती रंगीत फिल्मच्याच रसायनात धुता येई, त्यामुळे कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये सोय होई. पण लॅब प्रिंट काढी रंगीत कागदावर, आणि लग्नाचे कृष्णधवल फोटो कधी हिरवट, कधी विटकरी होऊन हाती पडत.

इंकजेटपुरता उपाय उघड होता : करडा जुळवायचा नाही, करडी शाईच भरायची. २००५ साली एप्सनने के-३ शाया आणल्या. त्यांत काळीसोबत फिकी आणि अतिफिकी काळी एकाच वेळी चालते, आणि कृष्णधवलासाठीच्या मोडमध्ये रंगीत शायांचा हात नाममात्र राहतो. जॉन कोन यांच्या पिझोग्राफी या छपाईपद्धतीत तर रंगीत शाया काढून सगळ्या नळ्यांत करड्याच पायऱ्या भरतात. तरी गंमत उरतेच. या शायांचा काळा म्हणजे कार्बन, पोथ्यांच्या शाईत होती तीच काजळी. ती पातळ पसरली की तपकिरी दिसते. म्हणून करडा तटस्थ करायला चिमूटभर निळसर रंग घालावाच लागतो.

तपासणीसाठी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापतात आणि शाई नीट वाळू देतात. मग ती खिडकीशी आणि दिव्याखाली आलटून पालटून धरतात. बहुतेक वेळा गुन्हेगार दोन-तीन पायऱ्यांतच सापडतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ए आणि बी हे दोन आकडे पाहतात : ए उणे गेला तर हिरवट, अधिक गेला तर मॅजेंटाकडे, बी अधिक तर पिवळट, उणे तर निळसर. दोन्ही शून्य हवेत असे पुस्तकी उत्तर. पण सुती कागद मुळातच सायीच्या रंगाचा असतो, आणि त्यावर शून्याचा हट्ट धरला तर हलक्या छटा निळ्या भासतात. जाणता छापणारा त्या छटांना कागदाच्या रंगाकडे हळूच सरकू देतो.

चकचकीत पांढऱ्या कागदांची तऱ्हा उलटी. त्यांत घातलेली ब्राइटनर द्रव्ये अतिनील किरण शोषून निळसर उजळतात. असा प्रिंट अतिनील किरण अडवणाऱ्या काचेमागे मढवला की ती उजळी जाते आणि कागद पिवळसर दिसू लागतो. त्यामुळे शेवटचा नमुना त्याच काचेमागे, जिथे चित्र लागणार त्या भिंतीवरच्या दिव्यात पाहून पक्का करतात.